हातचा एक

शाळेत माझं गणित एकाच गोष्टीपायी बुडालं : हातचा. सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक, इथवर सगळं ठीक. पण तो एक घेऊन पुढच्या घरात पोचेपर्यंत वाटेतच कुठेतरी सांडायचा. मग रिकाम्या हातावर गुरुजींची पट्टी बसायची.

पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, तुटके पंखे आणि किल्ली नसलेली कुलपं यांच्या ढिगात, मला स्वीडनच्या 'फॅसिट' कंपनीचं हाताने फिरवायचं गणनयंत्र दिसलं. पुढे दहा बटणं, उजवीकडे हँडल. एकेकाळी बँकांत आणि कॉलेजांच्या संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत याचाच खडखडाट चाले. "चालतं का?" मी विचारलं. "चालत असतं तर इथं आलं असतं का?" विक्रेत्याने विचारलं. या प्रामाणिकपणाचे ४,५०० रुपये पडले.

आतलं तेल सुकून डिंकासारखं झालं होतं. रॉकेल, जुना टूथब्रश आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन मी आठ दिवस बाल्कनीत बसलो. नवव्या दिवशी हँडल फिरलं. ३७ गुणिले २४ करायचे तर ३७ मांडायचे, चार फेरे मारायचे, एक घर सरकायचं, आणखी दोन फेरे. खड्‌-खड्‌-खड्‌... ८८८! हातचे सगळे जागच्या जागी. मला गहिवरून आलं.

"आठशे अठ्ठ्याऐंशी," आई झोपाळ्यावरून म्हणाली. तिने ते माझ्या दुसऱ्या फेऱ्यालाच सांगितलं होतं. खडखडाटात मला ऐकू आलं नव्हतं. पावकी-दिडकी पाठ असलेल्या पिढीसमोर यंत्र मिरवू नये.

हातच्याने छळलेला मी एकटाच नव्हतो. १६४२ साली एकोणीस वर्षांच्या ब्लेझ पास्कलने कर गोळा करणाऱ्या वडिलांचे कष्ट वाचावेत म्हणून यंत्र करायला घेतलं. चाकांवर आकडे लिहिणं सोपं होतं. नवाचं शून्य होताना शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलणं, तिथे सगळी मेख होती. बापासाठी मुलगा काय काय करतो, हे मी आमच्या चिरंजिवांना ऐकवलं. त्यांनी तत्परतेने माझ्या फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडून दिलं.

फॅसिट एकटं वाटायला लागलं म्हणून ७,२५० रुपयांचं जर्मन 'ब्रुन्सविगा' आलं. मग ६,००० रुपयांचं सोव्हिएत 'फेलिक्स'. त्याचं नाव तिथल्या गुप्त पोलिसांचे पहिले प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की यांच्यावरून ठेवलेलं. हे कौतुकाने सांगितल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं. घरात चौकशीला कुणीतरी हवंच होतं." मी तेव्हा हसलो. नंतर सुट्या भागांसाठी म्हणून ४,००० रुपयांचं आणखी एक फॅसिट घेतलं आणि तिथे फसलो.

मोरीच्या फरशीसाठी ठेवलेल्या २०,००० रुपयांचं काय झालं, असं एका संध्याकाळी विचारण्यात आलं. "आत्ता सांगतो," म्हणत मी फॅसिटवर वीस हजार मांडले आणि हँडल उलटं फिरवून एकेक खरेदी वजा करत गेलो. तीन वजाबाक्या गुपचूप पार पडल्या. चौथीला घंटा वाजली.

ही घंटा म्हणजे शिल्लक संपल्याची खूण. पण यंत्राला ऋण आकडा लिहिता येत नाही. हजाराच्या घराने शेजाऱ्याकडे उसना मागितला; शेजाऱ्याकडे शून्य, म्हणून त्याने पलीकडच्याकडे मागितला; असं करत उधारी थेट तेराव्या घरापर्यंत गेली. खिडकीत नऊ वेळा नऊ, आणि शेपटाला ८२५०.

"बघ!" मी म्हणालो. "दहा लाख कोटींना जरासेच कमी!"

"सतराशे पन्नास वरून घातलेस," आई झोपाळ्यावरून म्हणाली.

बायको त्या नवांकडे बराच वेळ बघत राहिली. मग शांतपणे विचारलं, "आणि हातचं काय उरलं?"

माझ्या हातात हँडल होतं.