गुडघ्याला बाशिंग

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा ही सार्वजनिक मालमत्ता असते. दुखतो तो आपला, पण त्यावर बोलायचा हक्क अख्ख्या सोसायटीला. माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागल्याची बातमी फुटली आणि वरच्या मजल्यावरच्या मावशींनी निर्गुंडीचा पाला आणून दिला. नणंदेने महानारायण तेलाची बाटली धाडली. ज्या दूधवाल्याशी माझं बोलणं 'उद्या अर्धा लिटर जास्त' याच्या पुढे कधी गेलं नव्हतं, त्याने "ताई, वंगण संपलंय" असं निदान दारातच करून टाकलं. आमच्या ह्यांनी ऑनलाइन नी-कॅप मागवली. ती इतकी घट्ट निघाली की चढवताना जी झटापट झाली, तेवढाच काय तो व्यायाम.

या धामधुमीत मांडीचं नाव कुणीही काढलं नाही. गुडघा म्हणजे नवरदेव. तेल, शेक, लेप, पट्टा, सगळे मानपान त्याचे. आणि मांडी म्हणजे लग्नघरातली ती काकू, जी पहाटेपासून राबते आणि अल्बममध्ये एकाही फोटोत दिसत नाही. पाय सरळ करायचा, खुर्चीतून उठायचं, उतरताना अंगाचा भार तोलायचा, हे सगळं मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू करतात. चौघांचं मिळून नाव क्वाड्रिसेप्स. चौघांचा एकच दोर होतो, तो गुडघ्याच्या वाटीवरून जातो आणि खाली नडगीच्या हाडाला जोडला जातो. वाटी त्या दोराला सांध्यापासून थोडं पुढे धरते, म्हणून कमी जोरात जास्त काम होतं. एवढ्याशा हाडाने एवढी अक्कल दाखवावी आणि आपण मात्र 'अक्कल गुडघ्यात' ही शिवी म्हणून वापरावी!

हे ज्ञान मला दिलं ते माझ्या लेकीपेक्षाही लहान दिसणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने गुडघ्याला हात लावायच्या आधी शिंप्यासारखी टेप काढली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. "काकू, उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक आहे." ऐन तारुण्यात ज्या बारीक मांडीसाठी मी एकादशीसुद्धा मनापासून केली, ती आता मिळाली, तीही एकाच पायाला, आणि तो म्हणे आजार.

"पण मांडी बारीक कशाने झाली?" मी विचारलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं. गुडघ्यात सूज आली, थोडंसं जरी पाणी साठलं, तरी तिथल्या नसा मज्जारज्जूकडे निरोप धाडतात आणि मांडीला मिळणारा हुकूमच कमी होतो. आपण कितीही जोर लावा, स्नायू पुरता आवळतच नाही. म्हणजे मांडी कामचुकार नसते, तिला वरूनच काम मिळत नाही. मग वापर नाही म्हणून ती आणखी रोडावते, ती रोडावली की भार सांध्यावर येतो, तो आणखी दुखतो, की आपण आणखी बसून राहतो. सरकारी फाइल जशी फिरते म्हणतात तशी ही भानगड गोल फिरत राहते, आणि 'जरा आराम कर गं' म्हणणारे सगळे तिला धक्का देत असतात.

उपचार काय, तर एक टॉवेल. मी मशिनं, दिवे, वायरी अशी तयारी मनाशी करून गेले होते. तशी यंत्रं होती कोपऱ्यात, पण तिने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सरकवली आणि म्हणाली, "दाबा. गुडघ्याने टॉवेल पलंगात दाबायचा. धरून ठेवा... श्वास नाही रोखायचा, काकू!" वाटीच्या वर, आतल्या बाजूला तिने दोन बोटं टेकवली. तिथे त्या चौघांतल्या आतल्या भावाचा खालचा भाग असतो. फिजिओ लोक त्याला लाडाने व्हीएमओ म्हणतात. "हा बघा, हा झोपलाय." मी दात आवळले, मुठी वळल्या, कपाळाला आठ्या घातल्या. मान, खांदे, डावा पाय, सगळे मदतीला धावले. ज्याला बोलावलं होतं तो सोडून सगळे आले. ह्यांनी "चेहऱ्याचा व्यायाम मस्त होतोय" असा शेरा मारला. मग केव्हातरी तिच्या बोटांखाली चामडी किंचित थरथरली. "आला!" ती अशी ओरडली की शेजारच्या पलंगावरचे खांदा धरलेले आजोबाही टाळ्या वाजवायला गेले आणि कळवळले.

पुढे पाय सरळ ठेवून वर उचलणं आलं, मग घोट्याला वाळूचा वेट कफ आला, आणि 'दहाचे तीन सेट' हा मंत्र आला. हे दहा-दहा कुणाच्या डोक्यातून निघालं याची मी चौकशी केली. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर होते. गुडघे दुखावलेल्या सैनिकांना नुसतं झोपवून न ठेवता त्यांनी वजनं उचलायला लावली, आणि १९४५ साली त्यावर लिहिलं. पुढे वॉटकिन्स यांच्याबरोबर दहा-दहाच्या तीन फेऱ्यांची पद्धत त्यांनी बसवली. ते सैनिक लढाई करून आलेले. मी फार तर तुळशीबागेतून. पण मांडीला ते कळत नाही.

जिन्याचं गणित मात्र मला सर्वांत चकित करून गेलं. पर्वती चढताना सगळे धापा टाकतात आणि उतरताना 'आता काय, उतारच आहे' म्हणून गप्पा मारतात. गुडघ्याचं मत उलटं असतं. बर्लिनमधल्या संशोधकांनी बदललेल्या गुडघ्यांच्या आतच मोजमापाची यंत्रं बसवली होती. त्यांचे २०१०चे आकडे असे: सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार, चढताना तिपटीहून थोडा जास्त, उतरताना जवळजवळ साडेतीन पट. कारण उतरताना मांडीला ब्रेक लावायचा असतो. स्नायू ताणला जात असतानाच त्याला धरून ठेवावं लागतं. मी माझ्या बहात्तर किलोंना साडेतीनने गुणलं आणि काही वेळ वरच बसून राहिले.

आता खरं ते सांगते, नाहीतर मीही त्या दूधवाल्याच्याच पंक्तीला बसेन. व्यायामाने झिजलेली कूर्चा परत उगवत नाही. पण एक्स-रे आणि दुखणं यांचं नेहमी जमतंच असं नाही. फिल्म बघून डॉक्टरांनी चुकचुकावं असे गुडघे घेऊन माणसं वारी करतात, आणि स्वच्छ फिल्मवाले कुरकुरत बसतात. मांडी भक्कम झाली की दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. एवढं पुष्कळ आहे. गुडघा लाल, गरम होऊन टम्म सुजला, अडकून बसला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर मात्र टॉवेल बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

"त्यापेक्षा वाट्या बदलून टाक ना एकदाच्या," असं सांगणारे आता भेटतात. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर बदलाव्यात. फक्त एक माहीत असू द्या. वाट्या बदलल्या तरी मांडी जुनीच राहते, आणि ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत खाटेपाशी जी फिजिओथेरपिस्ट येते, ती गुडघ्याखाली गुंडाळी सरकवून "दाबा" असंच म्हणते. तेव्हा आजपासूनच दाबायला लागा. टॉवेल जुना चालतो.