शंभर मिलिलिटरचा नियम

छपराचा मिस्त्री देतो तसलंच आश्वासन प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला दिलं: गळती थांबेल, पण वेळ लागेल. तोवर पुल-अप डायपर घाला. नेमकी तेव्हाच दुबईच्या लेकीने आम्हा दोघांची तिकिटं काढली.

शेजाऱ्यांनी बजावलं, "दुपारपासून पाण्याचा थेंब घेऊ नकोस." डॉक्टर म्हणाले, पाणी तोडलंत तर लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं आणि घाई उलट वाढते. म्हणजे प्यायलो तरी पंचाईत, नाही प्यायलो तरी पंचाईत.

त्यात मनोरीच्या माणसाला दुबईपेक्षा विमानतळ लांब. होडीने मार्वे समोरच आहे, पण रात्रीच्या विमानाला होडीच्या भरवशावर राहता येत नाही. मग गोराई, उत्तन, भाईंदर असा वळसा घेऊन सहार गाठायचं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याने माझी जातीने चौकशी केली.

खरी धास्ती होती सिक्युरिटीची. 2006 साली लंडनमध्ये विमानात द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला आणि तेव्हापासून हातातल्या बॅगेतल्या बाटलीला शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर सहज मावतं, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ते आलं असतं तर माझ्या वयाचे निम्मे प्रवासी सहारलाच अडकले असते.

मी दारातून गेलो. यंत्र गप्प. डायपरमध्ये धातू नसतो, ते वाजणार कशाने? सीआयएसएफच्या जवानाचा हात कमरेपाशी थबकला. मी हळूच म्हटलं, "ऑपरेशन हुआ है, डायपर है." तो तितक्याच हळू म्हणाला, "कोई बात नहीं अंकल," आणि मागच्या माणसाकडे वळला. आठवडाभर पाठ केलेलं माझं भाषण घशातच राहिलं.

पण पट्ट्यावर बॅग अडली. एक्स-रेवाल्याने ती बाजूला काढली. जवानाने एकेक डायपर ट्रेमध्ये रचायला सुरुवात केली. मागे रांग, रांगेत कॉलेजची पोरं. मी छताकडे बघत उभा. तळाशी हात घालून त्याने बिअरची बाटली वर काढली. आत लालभडक बाटली मसाला! फुटू नये म्हणून बायकोने तिला माझ्या डायपरमध्ये गुंडाळलं होतं.

"ये किसका है?"

बायको ठणठणीत आवाजात म्हणाली, "डायपर इनका, मसाला मेरा."

तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही. मसाला जप्त झाला. डायपर मात्र जवानाने नीट घड्या घालून परत भरून दिले. बायको विमान उडेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते उलटं व्हायला हवं होतं.

तेव्हा मंडळी, डायपरपायी नातवंडांकडे जायचं टाळू नका. मोठी बॅग मागे राहू शकते, म्हणून डायपर आणि एक जादा पँट हातातल्या बॅगेत, सगळ्यात वर ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असू द्या. चारचौघांत तपासणी नको असेल तर आडोशाला करा, असं सांगा. सीट वाटेच्या कडेची मागा आणि विमानात चढण्याआधी एकदा जाऊन या. पट्टे बांधायचा दिवा लागला की कुणी उठू देत नाही. लाज बाळगायचीच असेल तर ती मसाल्यासाठी बाळगा, आणि तो मोठ्या बॅगेत घाला.