पॅकिंग छान, पाच स्टार

मराठी माणसाला ज्याबद्दल मत नाही अशी वस्तू अजून बाजारात यायची आहे. मिसळीच्या तर्रीवर तो व्याख्यान देतो. कुकरची शिट्टी जरा दमाने वाजली की फोटोसकट तक्रार टाकतो. मिक्सरच्या चटणीच्या भांड्याच्या रबरी रिंगवर त्याने लिहिलेला मजकूर एखाद्या दिवाळी अंकानेही साभार परत केला नसता. हाच माणूस एक दिवस ऑनलाइन ‘पर्सनल मसाजर’ मागवतो आणि परीक्षण लिहितो: पॅकिंग छान. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. वेळेत आला. पाच स्टार.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण जुनेच. इथे लोक ताक पिऊन भांड्याच्या कल्हईवर अभिप्राय देतात. खोकं संध्याकाळी रद्दीत जातं. आतली वस्तू मात्र शरीराच्या सगळ्यात नाजूक जागी लागणार असते आणि तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

अवाक्षर काढणारे असतात, ते आणखी वेगळे. एक वर्ग पराक्रमी. वस्तूबद्दल एक ओळ, स्वतःबद्दल बारा. वाचून मोटरची ताकद कळत नाही, लेखकाची कळते, तीही त्याच्याच सांगण्यावरून. दुसरा वर्ग पतिराजांचा: ‘मिसेस खूश.’ मिसेसना लिहिता येतं, मराठीत येतं, बहुतेक पतिराजांपेक्षा शुद्ध येतं. पण कळफलक त्यांच्या हातात कुणी दिलेला नाही. आणि तिसरा वर्ग कंपनीचा लाभार्थी. डब्यात एक चकचकीत कार्ड असतं: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत मिळवा. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस 19000 नावाचं मानक काढलं. परीक्षण खरं असावं, लिहिणारा खरा असावा, वगैरे. मानक ऐच्छिक आहे. आपल्याकडे ऐच्छिक म्हटलं की शाळेत चित्रकलेचं जे होतं, तेच त्याचं झालं.

परीक्षणावर एवढं अडून बसायचं कारण असं, की या वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला दुसरं काही उरलेलंच नाही. दुकानात जाऊन हातात घेऊन बघावी, तर 2021 च्या फेब्रुवारीत गोव्यात कळंगुटला असं एक दुकान रीतसर पाटी लावून उघडलं होतं. महिन्याभरात तक्रारी आल्या, पंचायतीने परवान्यावर बोट ठेवलं आणि मार्चमध्ये पाटी उतरली. जागा कळंगुट, बरं का. तिथे किनाऱ्यावर काय काय विकलं जातं यावर पंचायतीने कधी अभ्यासगट नेमला तर मी विनामूल्य सदस्य व्हायला तयार आहे.

2021 हे साल एकूणच गमतीचं. त्याच वर्षी 1 जानेवारीपासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. बाळाचा खुळखुळा तपासून येणार, हे उत्तमच झालं. बाळाच्या आईवडिलांच्या खेळण्याला तो आदेश लागू नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने याच वस्तूंसाठी आयएसओ 3533 हे सुरक्षिततेचं मानक आणलं. त्यामागे पुढाकार होता तो रुग्णांच्या शरीरात अडकलेल्या वस्तू काढणाऱ्या स्वीडनमधल्या एका सर्जनचा. गुदद्वारासाठी असलेल्या वस्तूचं बूड पसरट हवं, नाहीतर ती आत जाऊ शकते आणि बाहेर काढायला भूल द्यावी लागू शकते. हे एक वाक्य कुणी परीक्षणात लिहिलं, तर त्याचे आभार एखादं सर्जिकल वॉर्ड मानेल.

आता कायदा. सीमाशुल्क खात्याकडे 1964 सालची एक अधिसूचना आहे, अश्लील पुस्तकं, चित्रं आणि वस्तू देशात येऊ नयेत म्हणून काढलेली. तिचा आधार घेऊन मुंबईत कस्टमच्या आयुक्तांनी बॉडी मसाजरचा माल जप्त केला. कारण काय, तर हे मसाजर लैंगिक सुखासाठीही वापरता येतील. प्रकरण लवादात गेलं, 2023 मध्ये खातं हरलं, उच्च न्यायालयात गेलं, मार्च 2024 मध्ये पुन्हा हरलं. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती किशोर संत यांच्या खंडपीठाने ही सगळी आयुक्तांच्या कल्पनेची निर्मिती असल्याचं म्हटलं. थोडक्यात, या वस्तूचं देशातलं सर्वांत कल्पक परीक्षण सरकारी खर्चाने लिहिलं गेलं. पॅकिंग कसं होतं, हे मात्र त्यांनी नोंदवलं असेल.

असो. तर प्रामाणिक परीक्षणात काय असतं? आधी ती वस्तू कशाची आहे. इथे थांबा, कारण खरी लबाडी इथेच चालते. डब्यावर ‘मेडिकल ग्रेड’ छापायला छापखान्याखेरीज कुणाची परवानगी लागत नाही. आत असते मऊ, पारदर्शक, गुलाबी जेली. डबा उघडल्या उघडल्या नव्या पावसाळी चपलेचा वास आला, की समजावं: प्लास्टिक मऊ करणारी रसायनं आत आहेत, आणि त्यातली थॅलेट्स युरोपने मुलांच्या खेळण्यांत केव्हाच बंद केली आहेत. असला मऊ माल सच्छिद्र असतो, वरून कितीही धुवा, आत जे मुरलं ते मुरलं. काही महिन्यांनी तो चिकट होतो, त्यावर कपाटातली लव बसते. चांगल्या सिलिकॉनला वास नसतो, आणि मोटर नसेल तर ते सरळ पाण्यात उकळता येतं. कुठल्या पातेल्यात, हे घरातल्यांशी आधी बोलून ठरवा.

मग वंगण. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचंच वंगण लावलं तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो. पाण्यावर आधारलेलं बरं. आपल्याकडे सर्व प्रश्नांवर खोबरेल तेल हा एकच उपाय चालतो, म्हणून मुद्दाम सांगायला हवं: वस्तूवर लॅटेक्सचा निरोध चढवला असेल तर तेलाने तो कमकुवत होतो आणि फाटतो. ही गोष्ट सात वर्षं बीएस्सी केमिस्ट्री शिकवणाऱ्यालाही कुणी सांगितलेली नसते.

आवाजाबद्दल कंपनी लिहिते ‘कुजबुजीइतका’. कुणाची कुजबुज, ते लिहीत नाही. डेसिबल कुणाला कळतात? डोंबिवलीच्या वन बीएचकेत राहणाऱ्याला एवढंच हवं असतं: पंखा तीनवर आहे, दार लोटलेलं आहे, हॉलमध्ये सासूबाईंची मालिका जाहिरातींवर आली आहे, ऐकू जातं की नाही? ज्या बाईने हे लिहिलं, तिच्या एका परीक्षणावर मी कंपनीचं अख्खं माहितीपत्रक ओवाळून टाकीन. तिथेच आयपीएक्स 7 चाही उलगडा करावा: म्हणजे वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते. नुसतं ‘स्प्लॅशप्रूफ’ असेल तर नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वस्तू मोबाइलला जोडणारी असेल तर अॅप काय काय परवानग्या मागतं तेही सांगा. कॅनडातल्या एका कंपनीचं यंत्र कधी आणि किती जोरात चाललं याची माहिती थेट कंपनीकडे पोचत होती. 2017 मध्ये सुमारे 37 लाख 50 हजार अमेरिकी डॉलर देऊन तिने तडजोड केली. टेहळणीचा दर आपल्याकडे एवढा निघायचा नाही.

आणि ‘मला’ हा शब्द वापरायला लाजू नका. ‘सर्वांनी घ्यावी’ यात काहीच माहिती नाही. बाळंतपणानंतर दुखत होतं, पाळी गेल्यावर कोरडेपणा आला होता, संधिवाताने बटण दाबवत नाही, अशी एक ओळ असली की तशाच शरीराच्या माणसाला ती नेमकी सापडते. जोडीदाराबद्दल लिहायचं असेल तर जोडीदाराला विचारा. खूश आहेत की नाहीत ते त्यांना स्वतःला लिहू द्या.

हे सगळं आपल्याला नवीन नाही, हे जास्त लागतं. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना, नाव न विचारता, न लाजता, दोन ओळींत उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि तरी दंड भरावा लागला. आज दंड कुणी मागत नाही. फुकट आहे, निनावी लिहिता येतं, आणि आपण लिहितो: डिलिव्हरी बॉय सभ्य होता.

फोटो टाकणार असाल तर शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे ‘मध्यम आकार’ म्हणजे किती ते कळेल. वस्तू धुऊन घ्या. मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय आणि त्यावरचा दुधाचा हिशेब चौकटीबाहेर ठेवा. बॅटरी टिकते का, हे पहिल्या रात्री कळत नाही, तेव्हा तीन महिन्यांनी परत येऊन एक ओळ वाढवा. आणि ‘पाठवा’ दाबण्याआधी खातं कुणाचं आहे ते बघा. ऑफर चांगली मिळते म्हणून पुष्कळ घरांत एकच खातं असतं, आणि ते सासऱ्यांच्या नावावर असतं.