थांबेकरांचं कॅबिनेट

तुम्ही असेंबल्ड पीसी घ्यायला निघालात, चाळीस हजार जमवलेत, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून कोटेशनचा कागदही आणलात, की तो उगवतोच. कागदावरून एकदा नजर फिरवतो, प्रोसेसरच्या ओळीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "थांब जरा. दोन महिन्यांत नवीन येतोय." आडनाव काहीही असो, वृत्तीनं हा थांबेकर. ऑफिसात एक असतो, सोसायटीत एक असतो, आणि मावसभाऊ नाहीतर भाचेजावई या नात्यानं प्रत्येक घराण्यात एक असतोच. त्याचं पंचांग निराळं. वर्षाचे सण दोनच: जानेवारीत लास व्हेगासचं सीईएस आणि मे-जूनच्या सुमाराला तैपेईचं कॉम्प्युटेक्स. मधला सगळा काळ चातुर्मास, खरेदी वर्ज्य. गंमत अशी, की स्वतःच्या पीसीची सुरुवात त्यानं केव्हाच केलेली असते. कॅबिनेट घेऊन ठेवलेलं असतं. "कॅबिनेट कधी जुनं होत नाही," हा त्याचा सिद्धान्त, आणि तो खोटा नाही. पुढून जाळीचं, तीन पंख्यांचं ते काळं रिकामं खोकं हॉलच्या कोपऱ्यात उभं असतं. पहिल्या वर्षी त्यावर धूळ बसू नये म्हणून उशीची जुनी खोळ चढते. दुसऱ्या वर्षी खोळीवर चष्मा, किल्ल्या आणि लाइटचं बिल विसावतं. तिसऱ्या वर्षी घरातल्या बाईमाणसाच्या लक्षात येतं, की याला जाळी आहे, आत हवा खेळती राहते, आणि कांद्यांना नेमकं तेच लागतं.

त्याला हसून उडवून लावणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही, कारण त्याच्या बाजूला गणित आहे. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये लिहून ठेवलं, की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनीच ती मुदत दोन वर्षांवर नेली. या वेगाचा आधार घेऊन अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही तरुण खगोल-अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मिश्कील पण चोख निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: ताकद दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर आजच्या यंत्रावर सव्वीस महिन्यांहून जास्त चालणारं गणित आज सुरू करूच नये. आधी निवांत हिंडा-फिरा, मग त्याच पैशात नवं यंत्र घ्या. उशिरा सुरू होऊनही काम आधी संपेल. आळसाला इतकं भक्कम शास्त्रीय पाठबळ क्वचितच मिळालं असेल. थांबेकरांच्या हाती हा निबंध लागला तर ते तो फ्रेम करून कॅबिनेटवरच ठेवतील. पण त्यातला सव्वीस महिन्यांचा आकडा दुधारी आहे. त्याहून छोट्या कामासाठी हेच गणित सांगतं, की आत्ता बसा आणि सुरू करा. आणि थांबेकरांची कामं कोणती? जीएसटीचं रिटर्न, मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट, गावच्या लग्नाच्या व्हिडिओची काटछाट, रात्री जेवणानंतर तासभर गेम. यातलं एकही काम सव्वीस महिने चालणारं नाही, लग्नाचा व्हिडिओ धरूनसुद्धा.

"पण २०१७ मध्ये काय झालं, आठवतं ना?" हा त्यांचा हुकमी एक्का. तो खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. २०११ पासून सहा वर्षं इंटेलचा मधल्या किमतीतला आय-फाइव्ह चार कोरांवरच अडून बसला होता. मार्च २०१७ मध्ये एएमडीनं रायझन आणला, आठ कोर सामान्यांच्या टप्प्यात आले, आणि इंटेलची झोप उडाली. त्या जानेवारीत चार कोरांचा आय-सेव्हन ७७००के साडेतीनशे डॉलरच्या आसपास घेणाऱ्यानं ऑक्टोबरात पाहिलं, तर ११७ डॉलरच्या आय-थ्रीलाही चार कोर आणि १८२ डॉलरच्या आय-फाइव्हला सहा. नऊ महिने थांबलेला माणूस जिंकला, यात वाद नाही. मात्र याच पुराव्याची दुसरी बाजू थांबेकर सांगत नाहीत. त्याआधीच्या सहा वर्षांत दरवर्षी थांबणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडलं नव्हतं. झेप कोणत्या वर्षी येणार हे आधी कळत नाही. ती आल्यावर सगळ्यांनाच कळलेलं असतं. नवं म्हणजे सरस, असंही नाही. २०२१ मधल्या इंटेलच्या अकराव्या पिढीतल्या सर्वांत महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरला आदल्या पिढीतल्यापेक्षा दोन कोर कमी होते, दहाचे आठ. २०२४ च्या कोअर अल्ट्रा मालिकेसाठी नवा सॉकेट, म्हणजे नवा मदरबोर्ड घ्यावा लागला, आणि कित्येक गेममध्ये ती जुन्या पिढीच्या मागेच राहिली. एकदा लॉटरी लागलेला माणूस जन्मभर तिकिटं काढत बसतो, तसं थांबेकरांचं २०१७ नं झालं आहे. त्यातही मौज ही, की तेव्हाही त्यांनी पीसी घेतला नव्हताच. दुसरी पिढी येऊ दे, म्हणाले. कॅबिनेटमधल्या कांद्यांना तेव्हा नुकतीच बटाट्यांची सोबत मिळाली होती.

कमी बजेटवाल्यानं थांबू नये याचं खरं कारण मात्र वेगळंच आहे, आणि ते पंगतीच्या रिवाजात आहे. नव्या पिढीचं ताट आधी श्रीमंतांपुढे मांडलं जातं. रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा तिच्यातला सर्वांत स्वस्त प्रोसेसर २९९ डॉलरचा होता. दोनशे डॉलरच्या आतले ५५०० आणि ५६०० येईपर्यंत एप्रिल २०२२ उजाडला. म्हणजे 'दोन महिन्यांत येतोय' हे खरंच होतं, फक्त यायचा होता तो दुसऱ्या कुणासाठी. आपल्या वाट्याचं पान मांडायला सतरा महिने गेले. त्याआधी २०२० मध्येच १२० डॉलरचा रायझन थ्री ३३००एक्स आला होता. परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं आणि दुकानात तो दिसेना. पत्रिकेत नाव, पंगतीत पान नाही. इंटेलकडे हा रिवाज थोडा सौम्य आहे. बाराव्या पिढीचे महागडे प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ मध्ये आले आणि सामान्यांचे लगेच जानेवारीत. हा अपवाद थांबेकरांना तोंडपाठ असतो.

यावर ते म्हणतात, "बरं, नवा नको. पण नवा आला की जुना स्वस्त होतो ना?" हा त्यांचा सर्वांत शहाणा मुद्दा, आणि अमेरिकेत बसून तो बराचसा खराही ठरतो. आपल्याकडे मधे रुपया येतो. २०१७ मध्ये डॉलर पासष्ट रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीला त्यानं नव्वदी ओलांडली. दोनशे डॉलरची वस्तू तेव्हा तेरा हजारांची, आता अठरा हजारांची. अठरा टक्के जीएसटी वर. कंपनीनं किमतीतून काढलेले वीस डॉलर असे वाटेतच जिरतात. दुसरं म्हणजे पीसी हा काही एकटा प्रोसेसर नव्हे. रॅम आहे, एसएमपीएस आहे, डिस्क आहे, ग्राफिक्स कार्ड आहे. थांबेकर एकासाठी थांबतात, बाकीचे त्यांच्यासाठी थांबत नाहीत. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. नंतर क्रिप्टोच्या खाणकामगारांनी ग्राफिक्स कार्डं पळवली, तीही दोनदा. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीवर अशी झडप घातली, की रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले. प्रोसेसरमध्ये दोन हजार वाचवण्यासाठी वर्षभर थांबलेल्याला ते दोन हजार रॅमच्या काउंटरवर दामदुपटीनं मोजावे लागले.

उरला त्यांचा शेवटचा आक्षेप: आज घेतलं आणि उद्या अडकून पडलो तर? इथे तर पुरावा सरळ उलट साक्ष देतो. २०१७ मध्ये ज्यानं एएमडीचा एएम-फोर सॉकेटचा साधा बोर्ड घेतला, त्याला बहुतेक वेळा बायॉस अपडेट करून २०२२ मधला प्रोसेसर त्याच बोर्डात बसवता आला. ज्यानं घेतलं त्याच्याकडे नंतरची पाच वर्षंही आली, थांबलेल्याकडे नुसतं कोटेशन राहिलं. इंटेलवाल्यांना हे सुख कमीच, तिथे दोन पिढ्यांमागे सॉकेट बदलायची रीत आहे. पण तिथे थांबून तरी काय हाती लागतं? पुढचाही सॉकेट बदलणारच असतो. सगळेच थांबेकर झाले तर काय होतं, याचीही एक दंतकथा आहे. अ‍ॅडम ऑसबोर्न यांचा १९८१ चा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर धडाक्यात खपत होता. मग पुढच्या मॉडेलची चर्चा वेळेआधी फुटली, गिऱ्हाईक म्हणालं 'थांबू या', आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. जाणकार याची इतरही कारणं देतात, पण थांबण्याला नाव मिळालं ते ऑसबोर्नचं. हे गृहस्थ लहानपणी तमिळनाडूत वाढले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारले. बाजाराची घाई संपल्यावर थांबायला जागा मात्र त्यांनी चांगली निवडली.

इतका पुरावा समोर ठेवूनही थांबेकर हलत नाहीत, तेव्हा मानावं लागतं की हा हिशेबाचा प्रश्न नव्हताच. त्यांच्या वडिलांनी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावला होता. तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि त्यात कमीपणा नव्हता; माल कमी, रांग लांब, पण रांग पुढे सरकायची. एक दिवस पत्र यायचं, स्कूटरला हार घातला जायचा आणि ती पुढची वीस वर्षं घरचं माणूस होऊन राहायची. मुलाकडे ती सवय आली, रांग मात्र राहिली नाही. माल अमाप आहे, नंबर येतच नाही, कारण नंबर लावायला खिडकीच नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे तो यंदा चुकला तर पुढच्या वर्षी चूक विकून टाकतो. चाळीस हजारवाल्याला ती चूक सात वर्षं टेबलावर रोज बघावी लागते. थांबेकर नव्या प्रोसेसरची वाट पाहत नाहीत, चूक होणार नाही अशा दिवसाची पाहतात. चिपच्या कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं; वर्षभर आधीपासून अफवा आणि आराखडे बाहेर येत राहतात, ते काही उगाच नाही.

आणि तरी हाच माणूस, समोर बारावी झालेली पोरगी आणि कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस असले, की एका वाक्यात सांगतो, "आजच घेऊन टाक." नुसतं सांगत नाही. सुट्टी टाकून दुकानात येतो, घासाघीस करतो, स्वस्तातल्या एसएमपीएसला हातही लावू देत नाही, घरी येऊन मटाराएवढी थर्मल पेस्ट लावतो, आणि स्क्रीन उजळली की चहाही न घेता निघतो. सोसायटीतले निम्मे पीसी त्यानंच जोडलेले असतात, आणि एकही थांबलेला नसतो. कधी तिच्या बजेटात तीन हजार कमी पडतात. मग तो काहीएक न बोलता घरी जातो, कांदे-बटाटे काढतो, जाळी ब्रशनं स्वच्छ करतो आणि कॅबिनेट खांद्यावर टाकून जिना उतरतो. घरी सगळ्यांना वाटतं, सुटलो. पुढच्या रविवारी तो नवं कॅबिनेट घेऊन येतो. याला चार पंखे आहेत. प्रोसेसरचं विचारलं, तर म्हणतो कॉम्प्युटेक्स होऊ दे. तोवर कांदे टोपलीत थांबतात.