त्यागी अंकल

पापडीपासून आगाशीपर्यंत वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात जा, एक त्यागी अंकल भेटणारच. बँकेतून नाहीतर बेस्टमधून निवृत्त, घरामागे केळीची वाडी, चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर ठरलेली जागा. मी सांगतो ते आमच्या आळीतले. तुम्ही वसईकर असाल तर तुमच्या आळीतले समजून खुशाल वाचा.

नवं कॅलेंडर आलं की लोक आधी सुट्ट्या बघतात. अंकल राखेचा बुधवार बघतात, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ कधी सुरू होतो ते. त्या दिवशी कपाळावर राख लागली की अंकलांचा त्याग सुरू होतो आणि आंटींचं प्रायश्चित्त. एका वर्षी अंकलांनी साखर सोडली. मोह घरात नको म्हणून डबाच शेजारी नेऊन दिला, आणि ईस्टरपर्यंत अख्ख्या घराने बिनसाखरेचा चहा प्यायला. पुढच्या वर्षी टीव्ही सोडला. आंटींची मालिका चाळीस दिवस बुडाली. मग एकदा त्यांनी राग सोडल्याचं जेवताना जाहीर केलं. नातवाने दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी "आजोबा, अजून सोडलेलाच आहे ना?" अशी खात्री करून घेतली आणि प्रगतिपुस्तक पुढे केलं. राग त्याच संध्याकाळी परत आला.

खरं म्हणजे चर्चचा कायदा दयाळू आहे. सक्तीचे उपवास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. तेही वयाची ५९ वर्षं पूर्ण झाली की माफ. अंकल सत्तरीला टेकलेत. पण "सूट मिळते म्हणून घेणारे आपण नव्हे," असं ते सांगतात. (रेल्वेने २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली तेव्हा याच अंकलांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, पण तो विषय वेगळा.) उपवासाच्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं आणि दोनदा थोडं थोडं खायचं, पण त्या दोन्ही वेळचं मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये, असा नियम आहे. अंकल तो काटेकोर पाळतात. आंटी म्हणतात, त्यासाठी ते जेवणच मोठं करतात.

शुक्रवारी मांस वर्ज्य. मासा मात्र मांसात मोडत नाही. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी कोळीण पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट अंकलांसाठी बाजूला काढून ठेवते, आणि आमच्या आळीत त्याग मटणापेक्षा महाग पडतो. दारूचाही हिशोब पक्का आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वगळले की ४० उरतात. ज्या अर्थी वगळतात त्या अर्थी रविवारी एक पेग चालतो, हे अंकल तुम्हाला बोटं मोजून पटवतील. १९ मार्चचा संत योसेफाचा सण शुक्रवारी आला तर मांसाची बंदी उठते, हेही त्यांना ठाऊक आहे. २०२१ मध्ये असा योग आला होता. पुढचा २०२७ मध्ये आहे, आणि मटणवाल्याला त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

नम्रतेचा दिवस पवित्र गुरुवार. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. अंकल वर्षानुवर्षं त्या बारांत असायचे. नम्रपणे मान खाली घालून बसायचे. त्याआधी घरी दगड आणि साबण घेऊन अर्धा तास स्वतःचे पाय घासायचे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या बारांत स्त्रियांनाही जागा दिली. पुढच्या वर्षी अंकलांचं नाव गळलं आणि आंटींचं लागलं. दुसऱ्या कुणाच्या नम्रतेला एवढा धक्का बसलेला मी पाहिला नाही.

क्षमेचं खातं चुलतभावाच्या नावावर आहे. वाडीच्या बांधावरून दोघांचा दावा बरीच वर्षं चालू आहे. चुलतभाऊ बसतो उजवीकडे. रविवारी मिस्सामध्ये शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की अंकल मुद्दाम पूर्ण वळतात, हात जोडतात, आणि सगळ्या चर्चला दिसेल इतका वेळ जोडलेले ठेवतात. सोमवारी कोर्टात तारीख.

इथवर अंकल तुम्हाला स्वतःच सांगतील, त्यासाठी माझी गरज नाही. पुढचं ते सांगत नाहीत.

वाडीच्या टोकाला त्यांचं बावखल आहे. ही पाणी साठवणारी गोड्या पाण्याची तळी वसईत एके काळी गावोगाव होती. जमिनीला भाव आला तशी भराव टाकून बुजवली गेली. अंकलांकडेही बिल्डर येऊन गेले. आकडा ऐकून आंटी खाली बसल्या. अंकल म्हणाले, "मग पावसाचं पाणी जायचं कुठे?" आणि पाहुण्यांना चहा दिला, साखर घालून. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, वीज गेली, गाड्या बंद पडल्या. तेव्हा अंकलांच्या माडीवर बैठ्या चाळीतली चार कुटुंबं राहायला होती. त्या दिवसांबद्दल विचारलं तर अंकलांची एकच तक्रार असते, की पत्ते भिजले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे हरित वसईसाठी चाललेल्या लोकांतही ते होते. त्यावर म्हणतात, "सगळं गाव गेलं, म्हणून गेलो." यातलं काहीही त्यांच्या त्यागाच्या यादीत कधी आलेलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी चुलतभावाच्या विहिरीचं पाणी खारट झालं. केळी पिवळी पडायला लागली. तो मागायला आला नाही, येणारही नव्हता. एका सकाळी अंकलांनी आपल्या विहिरीवरून पाईप टाकला. तो नेमका त्या भांडणाच्या बांधावरूनच न्यावा लागला, दुसरी वाटच नाही. अंकलांचे वकील हादरले. "अहो, उद्या तो वहिवाट सांगेल! केस हातची जाईल. आधी तो पाईप काढा."

"केळी मरतील," अंकल म्हणाले. "तुम्ही केस बघा."

दावा अजून चालू आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे, आणि पाईप अजून बांधावरच आहे.