साडेतीनपूर्वीचा हातोडा

ज्या माणसाची उभी हयात महसूल खात्यात फेरफाराच्या नोंदी तपासण्यात गेली, त्याने तारीख, सही आणि शिक्का यांवाचून कशावरही विश्वास ठेवू नये. परंतु निवृत्तीनंतर भाच्याने मोबाईलवर बाजारभावांच्या तांबड्या-हिरव्या मेणबत्त्या दाखविल्या आणि माझी ही आजन्म सावधगिरी विनाअर्ज रजेवर गेली.

या मेणबत्त्यांचे कुळ जपानी. ओसाकातील दोजिमाच्या तांदूळबाजाराला शोगुनच्या सरकारने १७३० साली मान्यता दिली, आणि पुढे त्याच शतकात भावांइतकीच गिऱ्हाइकांची मनेही वाचणाऱ्या साकाताच्या होम्मा नामक व्यापाऱ्याला या विद्येचा जनक मानण्याचा प्रघात पडला. दिवसाच्या आरंभीच्या व अखेरच्या भावांमधले अंतर म्हणजे मेणबत्तीचे धड, आणि वरखाली निघालेल्या बारीक वाती म्हणजे त्या दिवसाचा उच्चांक व नीचांक. ‘हरामी’ हे मोठ्या धडाच्या पोटात लहान धड दाखविणाऱ्या आकृतीचे नाव असून जपानीत त्याचा अर्थ गर्भवती असा आहे, हे भाच्याने आधी सांगितले असते, तर तो शब्द त्याने मोठ्याने उच्चारताच त्याच्या मामीच्या हातून निसटलेली बशी वाचली असती.

मला मोह पडला तो हातोड्याचा. वर इवलेसे धड आणि खाली धडाच्या दुप्पट तरी लांब वात, अशी आकृती पडत्या बाजाराच्या तळाशी उमटली की तो हातोडा, म्हणजे आता भाव उलटून वर जाणार. हुबेहूब तीच आकृती चढत्या बाजाराच्या माथ्यावर दिसली तर मात्र तिचे नाव ‘फासावर लटकलेला माणूस’. इसम तोच, अंगकाठी तीच, केवळ नेमणुकीच्या ठिकाणामुळे एकीकडे सत्कार आणि दुसरीकडे देहांत, हा न्याय आमच्या खात्याला अपरिचित नसल्यामुळे या शास्त्राविषयी माझा आदर दुणावला.

आठ दिवस घसरत असलेल्या एका शेअरच्या आलेखात दुपारी पावणेतीनला हातोडा अवतरला. मी तत्काळ शंभर शेअर घेतले आणि कृतार्थ अंतःकरणाने चहा मागविला. चहा येईपर्यंत विकणाऱ्यांची नवी फौज चालून आली, धड खाली सरकत सरकत वात गिळून बसले, आणि साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा हातोड्याच्या जागी नखशिखान्त तांबडा खांब उभा होता.

“मामा, साडेतीनच्या आत मेणबत्ती पुरी होत नाही,” भाचा म्हणाला. “आणि पुरी झाली तरी दुसऱ्या दिवशीच्या मेणबत्तीने दुजोरा द्यावा लागतो.”

“दुजोरा मिळेपर्यंत भाव वर गेलेला असणार!”

“असणारच. मग वरच्या भावाने घ्यायचं.”

ते शंभर शेअर अद्याप माझ्या नावे बिनतक्रार पडून आहेत. दर दोन-चार दिवसांनी पावणेतीनच्या सुमारास आलेखात कोठे ना कोठे हातोडा दिसू लागतो, आणि मी साडेतीनपर्यंत मोबाईल पत्नीच्या स्वाधीन करतो. ती त्यावर उकडीच्या मोदकांच्या कृती पाहते.