पाऊण किलो झोर्की

वस्तू मजबूत आहे की नाही हे ठरवायची आमच्या धडगावात एकच रीत आहे. आधी ती हातात घेऊन तोलायची, मग बोटाच्या पेराने ठोकायची, आणि आवाज मनासारखा आला की "माल चांगला आहे" असा निकाल द्यायचा. विळा, तवा, बॅटरी, जावई, सगळे या परीक्षेतून जातात. जावयाला नुसतं तोलतात, ठोकायचं नंतरवर ठेवतात. माझा झोर्की-४ हा रशियन कॅमेरा या परीक्षेत कायम पहिल्या वर्गात पास होत आला आहे. पुण्याचा पुतण्या होळीला येताना जो बेसा आर घेऊन आला, तो मात्र पहिल्याच ठोक्याला नापास झाला. टक् असा हलकट आवाज आला. "प्लास्टिक," एवढंच म्हणून स्टुडिओवाल्या भाऊंनी तो परत केला; कौतुकाने मांडीवर घेतलेलं दुसऱ्याचं पोर ओलं निघावं, तसा.

वास्तविक दोन्ही कॅमेरे एकाच कुळातले, रेंजफाइंडर. यांच्या पोटात आरसा नसतो, त्यामुळे लेन्समधून आपल्याला काही दिसत नाही. वरच्या बाजूला एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून पाहायचं. तिच्या शेजारी आणखी एक छोटी खिडकी असते. दोन्हींतून आलेली चित्रं मधल्या एका पिवळट ठिपक्यात एकावर एक पडतात. लेन्स फिरवत जायची आणि ती चित्रं जुळवायची. समोरच्या माणसाला आधी दोन नाकं दिसतात, मग दीड, मग एक. एक नाक झालं की बटण दाबायचं. या व्यवस्थेत लेन्सवरचं झाकण तसंच राहिलं तरी आपल्याला जग लख्ख दिसत राहतं, फक्त फिल्मला दिसत नाही. पुतण्याने अस्तंब्याच्या डोंगराचे पहिले काही फोटो या पद्धतीने काढले.

झोर्की माझ्याकडे आला मामांकडून. मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तिथल्या एका रशियन इंजिनियरने मायदेशी परतताना तो त्यांना विकला. मामांनी तो माझ्या हातात देताना एकच कानमंत्र दिला: "आधी रीळ पुढे घ्यायचं, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलंस तर आतली यंत्रणा बिघडेल आणि दुरुस्तीला मॉस्कोला जावं लागेल." मी मॉस्कोला जाणार नव्हतो, त्यामुळे आजवर पाळलं. नवीन कॅमेऱ्यात असलं काही सोवळं नाही. बेसाचा वेग आधी बदला, नंतर बदला, बसमध्ये बदला, झोपेत बदला. एवढी मोकळीक मिळाली की यंत्राचा धाक राहत नाही, असं माझं शिक्षकी मत आहे. पुतण्याचं मत असं की धाक हा कॅमेऱ्याचा गुण नसून दोष आहे.

झोर्कीचं घराणं मात्र ऐकण्यासारखं आहे. जर्मनीच्या लायकाने 1925 साली सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. 1934 च्या सुमारास खारकोव्हच्या एका वसाहतीत त्याची हुबेहूब नक्कल सुरू झाली. ही वसाहत होती रस्त्यावर वाढलेल्या अनाथ पोरांची, आणि ती चालवत होते शिक्षणशास्त्रज्ञ माकारेंको. तिला नाव होतं फेलिक्स एदमुंदोविच झेरझिन्स्की यांचं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं. त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेरा झाला फेड. जन्मभर सातवीच्या वर्गाला भूमिती शिकवलेला माणूस मी. कंपासपेटीत कंपास असलेला मुलगा दिसला की मला भरून यायचं. माकारेंकोंची पोरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने लेन्स बसवत होती, हे वाचल्यापासून मी त्यांचा विषय शिक्षक मेळाव्यात काढत नाही. युद्धानंतर 1948 मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने फेडवरून झोर्की काढला आणि 1956 मध्ये आला झोर्की-४. लाखोंनी निघाला. माझा त्यांतला एक.

बेसाची वंशावळ ऐकायला आणखी भारदस्त. फोइग्टलेंडर हे नाव व्हिएन्नाचं, 1756 सालचं. म्हणजे तेव्हा आपल्याकडे नानासाहेब पेशवे गादीवर होते. पण कॅमेऱ्याचा जन्म 2000 सालचा आणि करणारी कंपनी जपानची कोसिना. ही कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाने स्वस्त कॅमेरे बनवून देत होती. तिने जुनं नाव वापरायचे हक्क मिळवले, आपल्याच एका साध्या कॅमेऱ्याचा सांगाडा घेतला, त्यावर रेंजफाइंडर बसवला, वर प्लास्टिकचं टोपण घातलं. घराणं पेशवाईतलं, अंगरखा पॉलिकार्बोनेटचा.

आमचूरच्या व्यापाऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. धडगावचा आमचूर बाहेरगावी जातो, त्यामुळे काटा चोख लागतो. त्यावर दोन्ही कॅमेरे ठेवले. झोर्की लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास भरला, बेसा अर्ध्या किलोच्या जरा वर. "मग रशियनच घ्या गुरुजी," व्यापारी म्हणाला. "माल जास्त येतो." पुतण्या त्याला सांगायला लागला की वजन म्हणजे अचूकपणा नव्हे. व्यापाऱ्याने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, ती मी नवीन तलाठी आला की पाहत असे.

पण खरं सांगायचं तर पुतण्याचं म्हणणं मला रीळ भरताना पटू लागलं होतं. झोर्कीत रीळ भरायचं म्हणजे तळाच्या दोन चाव्या फिरवायच्या आणि मागची पाठ, तळासकट, अख्खी उपसून काढायची. आता एका हातात उघडा कॅमेरा, दुसऱ्यात पाठ, आणि रीळ धरायला तिसरा हात परमेश्वराने दिलेला नाही. तळोद्याहून येताना चांदशैली घाटात हा उद्योग निघाला. पाठ मांडीवर, रिकामी चकती दातांत, रिळाची शेपटी चिमटीत, आणि एसटी वळणावर. कंडक्टर तिकिटं संपवून शेजारी येऊन उभा राहिला. "रेडिओ बिघडला का गुरुजी?" दातांत चकती असल्यामुळे मी मान हलवली, होकार समजून तो म्हणाला, "सेल बघा आधी." शेजारच्या सीटवर पुतण्याने बेसाची कळ वर ओढली, पाठ दारागत उघडली, रीळ टाकलं, शेपटी खाचेत अडकवली, दार लावलं आणि खिडकीबाहेर दरी बघू लागला. त्या दाराची बिजागरी कुरकुरते, दार दाबलं तर थोडं लवतं. पण उघडतं आणि लागतं, आणि दाराकडून दुसरी कसली अपेक्षा असते?

डोळ्यांच्या बाबतीत मात्र रशियनांनी जे जाणलं ते जपान्यांना जाणता आलं नाही. झोर्कीच्या रीळ गुंडाळायच्या गोल बटणाखाली एक बारीक कडी आहे. ती सरकवली की खिडकीचा नंबर बदलतो. चाळिशी लागलेल्या माणसाने चष्मा काढावा, कडी सरकवावी, स्वच्छ पाहावं. बेसाला हे नाही. नव्याकोऱ्या लायकालाही नाही, तिथे नंबरची काच वेगळी विकत घेऊन बसवावी लागते. समाजवादाने जगाला काय दिलं यावर वाद चालू राहोत. माझ्यापुरतं दिलं ते एवढं. अडचण एकच. चष्मा काढला की कॅमेऱ्यातून सगळं दिसतं आणि कॅमेऱ्याबाहेर काही दिसत नाही, त्यामुळे एक फोटो काढून दुसऱ्या जागी जायला माणूस सोबत लागतो. आणि चष्मा न काढावा तर खिडकीची धातूची कड काचेवर चरे पाडते. माझ्या उजव्या काचेवरचे चरे पाहून नेत्रतपासणी शिबिरातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, वेल्डिंगचं काम करता का.

दुसरी गोष्ट शटरची. झोर्कीचं शटर रबर लावलेल्या कापडाचं. आरसा नसल्यामुळे लेन्स उन्हाकडे तोंड करून राहिली तर भिंगाने कागद जाळावा तसा पडदा जळून त्याला भोक पडतं, आणि मग प्रत्येक फोटोत एक जादा सूर्य उगवतो. सातपुड्यातल्या एप्रिलच्या उन्हात याला फार वेळ लागत नाही. भाऊंनी यावर सायकल पंक्चरचं सोल्यूशन आणि काजळी यांचा लेप शोधून काढला आहे. घाटातल्या खडखडाटाने दोन नाकं जुळेनाशी झाली तरी पुढचा एक बारीक स्क्रू काढायचा, आतला दुसरा किंचित फिरवायचा, समोरच्या टॉवरकडे बघून जुळवायचं. हे काम भाऊ घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने चहा गार व्हायच्या आत करतात. बेसाचं शटर धातूच्या पात्यांचं, त्याला उन्हाचं भय नाही. पण ते वाजतं. झोर्की कापडी, त्यामुळे थर्रप् करून दबक्या आवाजात काम उरकतो. बेसा खटकन असा वाजतो की शाळेच्या प्रार्थनेत पहिल्या रांगेतल्या पोरांनी डोळे उघडले.

मजबुतीच्या या वेडातून मोठमोठेही सुटलेले नाहीत. लायकाचा 1954 चा एम-3 हा या कुळातला मुकुटमणी, पितळी टोपणाचा. 1984 च्या एम-6 ला कंपनीने टोपण जस्ताच्या मिश्रधातूचं केलं, आणि शौकीन मंडळींनी नाकं मुरडली. 2022 मध्ये तोच एम-6 पुन्हा काढला तेव्हा पितळ परत आणलं. किंमत अशी की त्यात धडगावला सेकंडहँड जीप येईल आणि तोरणमाळला जाऊन यायचं डिझेलही. पितळ का, तर वापरून वापरून काळा रंग उडतो आणि खालचं पिवळं दिसतं, ते शौकिनांना गोड लागतं. 2015 मध्ये तर लायकाने एक डिजिटल कॅमेरा कारखान्यातच रंग घासून, आयता जुना करून विकला. हे मी घरी सांगितलं. घरचं म्हणणं पडलं की पितळ घासायचंच असेल तर माळ्यावर हंडे आहेत.

खरी कसोटी लागली काठीच्या होळीला. काठी अक्कलकुव्याच्या हद्दीत, पण होळीच्या रात्री आमच्या अक्राणी तालुक्यातूनही गाड्या भरभरून माणसं जातात. होळी पेटते पहाटे. तोवर रात्रभर ढोल, घुंगरू, अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. अंधारात, जाळाच्या उजेडात, हलत्या मोरपिसांवर फोकस करायचा. झोर्कीचा पिवळा ठिपका तिथे सरळ दिसेनासा झाला. एकाच्या डोक्यावरची पिसं दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसली आणि एकूण मोरांची संख्या वाढत गेली. पुतण्याने बेसा माझ्या हातात दिला. खिडकी अशी लख्ख की मी क्षणभर समजलो दिवस उजाडला. आत चौकटीच्या पांढऱ्या रेघा उठून दिसत होत्या, खाली उजेड कमी की जास्त ते सांगणारे लाल बाण. ठिपका ठळक, नाक पटकन एक होत होतं. मी तो कॅमेरा लवकर परत दिला. फार वेळ हातात राहिला असता तर मतं बदलली असती.

तेवढ्यात आम्हाला सुचलं की दोन्ही कॅमेऱ्यांचा आटा एकच आहे, जुन्या लायकाचा 39 मिलिमीटरचा. म्हणजे माझी ज्युपिटर-8 लेन्स त्याच्या बेसावर बसते. बसवली, आणि एका गेरकरी, म्हणजे होळीत नाचणाऱ्या, जवानाचे जवळून फोटो काढले. फोटो काढताच तो आणि त्याचे चार मित्र कॅमेऱ्याच्या मागे आले. मागे प्लास्टिकचं दार होतं.

"दाखवा ना."

"यात दिसत नाही. रोल धुवायला पाठवावा लागतो. पंधरा दिवसांनी येईल."

"पंधरा दिवसांनी होळी कुठं असते गुरुजी?" असं म्हणून त्याने स्वतःचा मोबाइल काढला, मला मधे घेतलं आणि सहाजणांचा फोटो काढून जागच्या जागी दाखवला. माझ्या नाकांची संख्या पहिल्याच झटक्यात बरोबर आली होती.

रोल पुण्याहून धुऊन आला. सोव्हिएत लेन्सचं माप लायकाच्या मापाशी केसभराने जुळत नाही, आणि ती गफलत जवळच्या अंतरावर उघडी पडते. फोकस डोळ्यांवर धरला होता, तो उतरला पिसांवर. चेहरा मऊ, पिसाचा केस न् केस मोजून घ्यावा असा. पुतण्या फोनवर हळहळला. जवान धडगावच्या बाजाराला आला तेव्हा मी जरा चाचरतच फोटो पुढे केला. त्याने तो उजेडात धरला, पिसांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "टोप बरोब्बर आला." टोप बांधायला त्याला किती दिवस लागले होते ते त्याने सविस्तर सांगितलं. चेहऱ्याचा विषयच निघाला नाही.

मग तो फोटो घेऊन भाऊंच्या स्टुडिओत गेला, भिंतीवर लावायला मोठा करून घ्यायला. भाऊंनी कॉम्प्युटरवर चेहरा धारदार केला, रंग गोरा केला, आणि मागचा धुरकट सातपुडा काढून त्या जागी स्वित्झर्लंड टाकलं. लेन्सचं गणित जर्मन, घडण रशियन, कॅमेरा जपानी, डोंगर स्विस. मी विचारलं, "अहो भाऊ, सातपुडा का काढला?"

"गुरुजी, तो तर त्याला घरून रोज दिसतो," भाऊ म्हणाले आणि आणखी दोन प्रती छापायला लागले.